रंग चुकतो कुठे?

आमच्या मुलुंडच्या जुन्या खोलीत, दाराच्या आत डाव्या हाताला, लक्ष्मीचे एक चित्र होते. चित्र आजोबांच्या वेळचे. काच एका कोपऱ्यात तडकलेली आणि खालची पट्टी वाळवीने खाल्लेली. त्यामुळे ते कोणत्या छापखान्यातून बाहेर पडले, हे कळायला काही मार्ग नव्हता. ह्या लक्ष्मीचे वैशिष्ट्य असे, की तिच्या ओठांचा तांबडा रंग ओठांवर नव्हता. तो सूतभर खाली, हनुवटीकडे सरकला होता. लुगड्याचा काठही तसाच, लुगडे सोडून सूतभर बाहेर. दर दिवाळीला ती काच पुसताना आई म्हणायची, "लक्ष्मीनं पान खाल्लंय, आणि तोंड पुसायला पदर काही सापडत नाही तिला."

ही विनोदाची गोष्ट पुढे एके दिवशी आईवरच उलटली. २०१६ साली बाबांचे सहस्रचंद्रदर्शन आम्ही घाटकोपरच्या एका सभागृहात केले. ८१ दिव्यांनी औक्षण झाले, फोटो निघाले, आणि दोन महिन्यांनी जाडजूड आल्बम घरी आला. आईने चष्मा लावून पहिलेच पान उघडले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, "ही मीच. पण ही साडी माझी नव्हे."

त्या दिवशी ती वांगी रंगाचे, बारीक पांढऱ्या चौकडीचे सुती इरकल नेसली होती. बाबांनी घेतलेले, तिच्या विशेष जिव्हाळ्याचे. आल्बममधली साडी चक्क निळी होती. बरे, नुसती निळी असती तरी चालले असते. पण पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोल सांडले म्हणजे जसे इंद्रधनुषी ओघळ दिसतात, तसे हिरवे-गुलाबी पट्टे तिच्या निऱ्यांवर आडवे-तिडवे पसरले होते. छायाचित्रकाराला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "काकू, कॅमेरा खोटं बोलत नाही. साडीच तशी असेल." आईने त्यावर काही उत्तर दिले नाही, आल्बम मिटून कपाटात ठेवला. दोन वर्षांनी ती गेली.

ते "साडीच तशी असेल" माझ्या मनातून जाईना. मी शाळामास्तर, फळ्यावरचे गणित चुकले तर ते कितव्या पायरीवर चुकले हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. बोरिवलीला माझा भाचा आहे, त्याला ह्या विद्येचा नाद. आल्बमबरोबर आलेल्या चकतीत छायाचित्रकाराने, विसरून म्हणा की औदार्याने म्हणा, कॅमेऱ्यातल्या कच्च्या फायलीही ठेवल्या होत्या. भाच्याने त्या उघडल्या आणि मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्याने जे दाखवले त्याचा मागोवा घेत मी जुनी पुस्तके चाळू लागलो, आणि चाळता चाळता पुन्हा घाटकोपरलाच येऊन पोचलो. मात्र ते घाटकोपर १८९४ सालचे.

आज जिथे लोकलची गर्दी आणि मेट्रोची गर्दी एकमेकींत ओतली जाते, ते घाटकोपर तेव्हा मुंबईबाहेरचे, मिठागरांच्या शेजारचे गाव होते. राजा रविवर्मा ह्यांचा सुप्रसिद्ध छापखाना १८९४ मध्ये तिथे उभा राहिला. यंत्रे जर्मनीची, कारागीरही जर्मन. पुढे १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, रविवर्म्यांच्या हातून तो फ्रित्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आणि अखेर १९७२ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. परंतु तोवर त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रात घरोघर पोचल्या होत्या. राजेरजवाड्यांच्या दालनातली चित्रे चाळीतल्या खिळ्यावर आली, ती ह्या छापखान्यामुळे.

ती चित्रे छापीत कशी, हे समजून घेतले म्हणजे आमच्या लक्ष्मीच्या ओठांचे कोडे सुटते. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर त्यातला एकेक रंग डोळ्यांनी वेगळा करी. पिवळ्याचा अंश जिथे जिथे असेल तेवढाच एका गुळगुळीत दगडावर, तांबड्याचा दुसऱ्यावर, निळ्याचा तिसऱ्यावर. आणि कातडीच्या छटा, दागिन्यांची झळाळी, सावल्या ह्यांसाठी आणखी कितीतरी दगड. मग तोच कागद प्रत्येक दगडावरून पुन्हा पुन्हा जायचा. कागद दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. हवेत दमटपणा आला, कागद केसभर फुगला, की तांबडा दगड ओठांवर न बसता हनुवटीवर बसायचा. मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला केसभर फुगायला कितीसा वेळ लागतो!

म्हणजे असे, की लक्ष्मीचा रंग चुकला नव्हता. रंगाची जागा चुकली होती. आणि इथेच मला सगळ्या प्रकरणाची किल्ली सापडली असे वाटते. रंगीत चित्र रंगीत असे कोणी टिपीतच नाही. ते तुकड्यातुकड्यांनी टिपतात आणि मग सांधतात. चूक बहुधा सांध्यात असते.

छापखान्यात खरे, पण छायाचित्रातही तसेच? हो, तिथेही, आणि अगदी पहिल्या दिवसापासून. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या थोर शास्त्रज्ञाने एका चौकड्यांच्या रिबिनीचे रंगीत चित्र पडद्यावर दाखवले. तांबडा, हिरवा आणि निळा अशा रंगीत द्रावांतून थॉमस सटन ह्या छायाचित्रकाराने त्या रिबिनीच्या निरनिराळ्या काळ्यापांढऱ्या काचा घेतल्या होत्या. मॅक्सवेलने त्या तशाच रंगांच्या प्रकाशातून पडद्यावर एकमेकींवर टाकल्या आणि रिबीन रंगीत दिसली. जगातले पहिले रंगीत छायाचित्र म्हणून ते गाजले. आता गंमत पाहा. त्या काळच्या काचांना तांबडा प्रकाश मुळी दिसतच नसे! मग तांबड्याची काच उमटली कशी? ह्याचा उलगडा व्हायला बरोबर शंभर वर्षे लागली. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की रिबिनीतला तांबडा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होता, आणि तांबड्या द्रावातून नेमके तेच किरण पार होऊन काचेवर उमटले होते. काचेवर उमटले एक, पडद्यावर वाचले भलतेच, आणि योगायोगाने जमून गेले. रंगीत छायाचित्राचा जन्म हाच मुळी एका सुदैवी चुकीतून झाला आहे. तेव्हा "कॅमेरा खोटं बोलत नाही" असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे.

मॅक्सवेलला निरनिराळ्या काचा लागल्या. ल्युमिएर बंधूंनी एकाच काचेत भागवले. हे तेच फ्रेंच बंधू, ज्यांची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. १९०७ मध्ये त्यांनी रंगीत छायाचित्राची काच बाजारात आणली. तिच्यावर काय असावे? बटाट्याच्या सत्त्वाचे कण! आपण उपासाच्या दिवशी ज्याची खीर करतो, तेच सत्त्व म्हणा ना. त्याचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून, मिसळून काचेवर पसरत आणि मधल्या फटी काजळीने भरत. प्रत्येक कण आपल्यापुरत्या जागी एकच रंग आत येऊ देई. दुरून पाहिले म्हणजे सारे कण मिसळून चेहरा, फूल, आकाश दिसे. कण मात्र हाताने पेरलेल्या धान्यासारखे. कुठे एकाच रंगाचे दहाबारा एकत्र पडले, की तिथे उगाच ठिपका दिसायचा. सपाट आकाशात हिरवा डाग! ही काच नीट ध्यानात ठेवावी, कारण सत्तर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

दरम्यान आपल्याकडे काय चालले होते? दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईतले जाणकार होते. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले होते आणि रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले होते. त्रिरंगी ब्लॉकच्या छपाईत एक निराळाच उपद्रव असतो. चित्राचे बारीक ठिपके पाडायला जाळी वापरतात. तिन्ही रंगांच्या जाळ्या एकाच दिशेने बसवल्या, तर चित्रावर नसलेल्याच लाटा उठतात. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून पाहा. ज्या नक्ष्या दोहोंपैकी एकीतही नाहीत त्या डोळ्यांपुढे नाचू लागतील. ह्या लाटांना मुआरे म्हणतात. छापखानेवाल्यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की एकेक जाळी सुमारे ३० अंशांनी फिरवून बसवायची. दिवाळी अंकांच्या रंगीत मुखपृष्ठांनी ह्या फिरवलेल्या जाळ्यांवरच संसार केला. आईच्या साडीवर ज्या लाटा उठल्या त्या ह्याच घराण्यातल्या. फक्त कॅमेऱ्यातली जाळी फिरवता येत नाही. त्याकडे मी येतोच.

पण आधी 'सैरंध्री'. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३३ मध्ये व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली हा बोलपट काढला, तो भारतातला पहिला रंगीत बोलपट करण्याच्या जिद्दीने. कोल्हापुरात चित्रण झाले. रंगाचे काम मात्र जर्मनीत. आपल्याकडे तशी प्रयोगशाळाच नव्हती. शांतारामबापू स्वतः जर्मनीला गेले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि रंगीत बोलपट म्हणून 'सैरंध्री' पडला. त्या काळच्या पुष्कळशा पद्धती दोनच रंगांच्या असत: एका पट्टीवर तांबडा-नारिंगी, दुसरीवर निळा-हिरवा, बाकीच्या रंगांनी ह्या दोघांच्या घरी पाहुणे म्हणून राहायचे. अस्सल जांभळा, शुद्ध पिवळा अशा छटा त्यात येणार कुठून? पुढे १९३७ मध्ये अर्देशिर इराणींच्या 'किसान कन्या'ने देशातच रंगीत छपाई करून दाखवली आणि पहिलेपणाचा मान त्याला मिळाला.

मला 'सैरंध्री'ची हळहळ वाटते ती निराळ्या कारणाने. द्रौपदीचे वस्त्र कोणत्या रंगाचे होते हे कोल्हापुरात त्या दिवशी सेटवर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत ते बहुतेकांना ठाऊक नसणार. टिपणारा एकीकडे, रंग चढवणारा हजारो मैल दूर. आणि मधल्या सांध्यात, शांतारामबापू एकटे काय ते सोडले, तर खरा रंग पाहिलेले कोणीच नाही. आमच्या आल्बमचे तरी दुसरे काय झाले? ज्याने साडी प्रत्यक्ष पाहिली तो फोटो काढून मोकळा झाला, आणि आल्बम जुळवणाऱ्याने आईला कधी पाहिलेच नव्हते.

उपनगरातली आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत के. आसिफ ह्यांनी 'मुघल-ए-आझम'साठी शीशमहाल उभारला. १५० फूट लांब, ८० फूट रुंद, ३५ फूट उंच. फिरोझाबादच्या कारागिरांनी बेल्जियमच्या काचेचे तुकडे बसवलेले, बांधायला दोन वर्षे लागलेली. सगळा बोलपट काळापांढरा असताना हे गाणे रंगीत घ्यायचे ठरले. दिवे लावले मात्र, हजारो आरशांतून असा लखलखाट उठला, की चित्रण अशक्य आहे असे परदेशी जाणकारांनी सांगून टाकले. ह्यावर उपाय निघाला तो आपल्याकडच्या माणसांना शोभेलसा: आरशांवर मेणाचा पातळ हात फिरवला आणि छायालेखक आर. डी. माथुर ह्यांनी जागोजागी कापडाच्या पट्ट्या लावून प्रकाश थेट न टाकता परतवून घेतला. १९६० मध्ये बोलपट झळकला; आणि उरलेला काळापांढरा भाग संगणकावर रंगवून तोच बोलपट पुन्हा लागला तो २००४ च्या ऐन दिवाळीत, १२ नोव्हेंबरला. आरशांवर मेण लावायचे ते का, हे मला भाच्याच्या संगणकासमोर बसल्यावर नीट उमगले.

आता त्या सत्तर वर्षांनी परत भेटणाऱ्या काचेकडे येऊ. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर ह्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७६ मध्ये ते मिळाले. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जी प्रकाशग्राही चकती असते, तिच्यावर लक्षावधी बारीक घरे असतात. ही घरे रंगांध. उजेड किती एवढेच त्यांना कळते. बायरने प्रत्येक घरावर एकेक रंगीत चष्मा बसवला: एका ओळीत तांबडा, हिरवा, तांबडा, हिरवा; खालच्या ओळीत हिरवा, निळा, हिरवा, निळा. निम्मी घरे हिरवी, कारण आपल्या डोळ्यांना बारीकसारीक तपशील हिरव्यात अधिक कळतो. ल्युमिएरचे बटाट्याचे कण विस्कटलेले होते. बायरने त्यांना कवायतीला उभे केले, एवढाच काय तो फरक. आज तुमच्या-आमच्या खिशातल्या बहुतेक सगळ्या फोनमध्ये हीच मांडणी, निदान तिचाच एखादा अवतार, आहे.

कच्ची फाइल म्हणजे ह्या घरांनी मोजलेले आकडे. चित्र असे अजून झालेलेच नाही. तांबड्या घराला फक्त तांबडा ठाऊक. तिथला हिरवा आणि निळा शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचा. म्हणजे प्रत्येक रंगीत फोटोत तीन हिश्श्यांतला एकच हिस्सा मोजलेला आणि दोन हिस्से अदमासाचे! वर्गातल्या प्रत्येक मुलाने तीन धड्यांपैकी एकच धडा पाठ करावा आणि उरलेले दोन शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यावेत, तसा हा प्रकार. शेजारी-शेजारी एकच इयत्ता बसलेली असेल तोवर सगळे बरोबर येते. बारीक चौकडीच्या साडीवर मात्र एका घरात पांढरा धागा आणि शेजारच्याच घरात वांगी. तिथे वहीतून उतरवलेले चुकते, चुकीची लाट तयार होते, आणि बाईच्या निऱ्यांवर पेट्रोल सांडते.

पूर्वी ह्यासाठी चकतीवर स्फटिकाची एक पातळ काच बसवीत. ती चित्र अगदी किंचित धूसर करी, म्हणजे धागे घराघरांत वाटून जात. पुढे अधिक रेखीव चित्राच्या हव्यासापायी पुष्कळ कॅमेऱ्यांतून ती काच काढून टाकली गेली. तीक्ष्णपणा आला आणि इरकलीवर संक्रांत आली. भाचा म्हणाला, "मामा, चार पावलं मागेपुढे होऊन फोटो काढला असता तरी हे टळलं असतं. आता रंगाचाच पदर तेवढा मऊ करायचा. उजेडाचा पदर तसाच ठेवायचा." त्याने साडीपुरती निवड केली, शेजारच्या घरांतल्या रंगांचा मध्य काढून भरला. लाटा विरल्या आणि धागे तसेच राहिले. मी म्हटले, निम्मे काम झाले. तो हसला.

कारण त्याआधी एक फजिती होऊन गेली होती. फायली पहिल्यांदा उघडल्या तेव्हा अख्खे सभागृहच जांभळट-गुलाबी दिसले होते. सावल्या तर जास्वंदीच्या. त्याचा प्रोग्रॅम जुना आणि कॅमेरा त्यामानाने नवा. प्रत्येक कॅमेऱ्याचा काळोखही निरनिराळा असतो, ही एक नवलाची गोष्ट मी शिकलो. लेन्सवर झाकण असले तरी चकतीचे आकडे शून्यावर नसतात. काही एक शिल्लक असते, ती आधी वजा करावी लागते. वजा केली नाही, तर पुढे पांढऱ्याचा तोल साधताना तांबडा आणि निळा हे दोघे मोठ्या संख्येने गुणले जातात, हिरवा फारसा वाढत नाही, आणि काळोखालाच गुलाबी चढते. कोणत्या कॅमेऱ्याचा काळोख किती आणि रंग कसे वाचायचे, ह्याच्या याद्या कोणीतरी करून ठेवाव्या लागतात. डेव्ह कॉफिन ह्या अमेरिकी गृहस्थाने १९९७ मध्ये 'डीसीरॉ' नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि पुढे वर्षानुवर्षे शेकडो कॅमेऱ्यांच्या कच्च्या फायली उलगडून त्या सर्वांना मोकळ्या केल्या. जगातल्या कितीतरी प्रोग्रॅमांनी त्याच्या कष्टांवर आपली चूल पेटवली आहे. आम्ही नवी आवृत्ती घेतली, आणि सभागृह गुलाबी छायेतून बाहेर आले.

दिवे तेवढे राहिले. ८१ ज्योतींच्या गाभ्यात प्रत्येकी एक गुलाबी ठिपका! इथे मला शीशमहाल आठवला. प्रकाश मर्यादेबाहेर गेला की तिन्ही रंगांची घरे काठोकाठ भरतात. तिघांचा आकडा सारखाच. मग वर सांगितलेला गुणाकार होतो, तांबडा-निळा फुगतात, हिरवा मागे राहतो, आणि जी ज्योत पांढरीशुभ्र हवी ती गुलाबी होते. भरून वाहिलेल्या भांड्यात किती पाणी होते हे मागाहून कोण सांगणार? म्हणून तिघांनाही एकाच काठाशी छाटायचे, किंवा ज्या घरात थोडी जागा उरली असेल त्यावरून बाकीच्यांचा अंदाज घ्यायचा. अंधेरीच्या कारागिरांनी भांडे भरू नये म्हणून आधीच मेण लावले. आमच्याकडे ते मागाहून पुसावे लागले. ज्योतींभोवती, चित्राच्या कडेला, एका बाजूस तांबडी आणि दुसऱ्या बाजूस हिरवट-निळी किनार होती. ती पाहून मी ओरडलोच, "अरे, ही तर आपली लक्ष्मी!" लेन्स तांबडे आणि निळे चित्र केसभर लहानमोठे टाकते, एवढीच बाब. भाच्याने दोन रंग हलकेच ताणले, आणि जो ओठ आजोबांच्या वेळेपासून खाली सरकलेला होता तसलाच एक ओठ एका क्षणात जागेवर बसला.

मग आले पांढरे. पांढरे काय ते एकदा दाखवले म्हणजे बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात, अशी ह्या शास्त्राची समजूत. भाच्याने बाबांच्या धोतरावर बोट ठेवले. लगेच सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली. माझी बहीण चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अरे, बाबांचं धोतर म्हणजे निम्मी नीळ! आई काय हात राखून घालायची?" खरेच की! नीळ घातलेल्या पांढऱ्याला पांढरे मानले म्हणजे त्यातली निळाई काढायला सगळ्यांवर पिवळे ओतावे लागते. ह्याच कारणाने चुन्याच्या भिंतीवरही विसंबू नये. चुन्यातही नीळ असे. शेवटी मागे दिसणाऱ्या सिमेंटच्या खांबाने साक्ष दिली आणि चेहरे माणसांत आले.

साडी मात्र अजून निळीच.

जांभळ्या-वांगी छटांत कॅमेरे हमखास घसरतात. चकतीवरचे चष्मे आणि आपल्या डोळ्यांतली योजना ह्या दोन वेगळ्या गोष्टी. एकीचे दुसरीत भाषांतर करताना कोष्टक कामी येते, पण कोष्टक सगळ्या रंगांना सारखा न्याय देऊ शकत नाही. भाचा म्हणाला, "हवी तेवढी वांगी करतो, मामा. पण कोणती वांगी? भरताची, की काटेरी बारकी?" बहिणीच्या आणि माझ्या मनातले रंग जुळेनात. तिला तो तांबूस आठवे, मला काळपट. बाबांना विचारले, तर ते म्हणाले, "तिला शोभायचा तो." ह्यावरून कोष्टक करता येत नाही.

तेव्हा मावशीने गोधडी आणली. आई गेल्यावर तिच्या साड्यांची मावशीने गोधडी शिवली होती. तिच्यात हे इरकलही होते. आम्ही ती बोरिवलीच्या खिडकीशी धरली. पण उन्हाने आणि धुण्याने तुकडा विटून गेलेला, राखेसारखा. मी निराश होऊन घडी घालणार, तोच मावशी म्हणाली, "वरचं काय बघतोस? आतला दुमड बघ." तिने कडेचे दोन टाके ब्लेडने उसवले आणि शिवणीत दुमडलेली बोटभर पट्टी उलटी केली. तिला ऊन लागले नव्हते. वांगी! तांबूसही नाही, काळपटही नाही. आम्ही दोघेही चुकलो होतो.

तो बोटभर तुकडा खिडकीच्या उजेडात ठेवून भाच्याने पडद्यावरचा रंग त्याच्याशी जुळवला. एकदा नव्हे, आठदहा वेळा. उजेड उतरायच्या आत. दुसऱ्या दिवशी मोठी प्रत छापून घेतली आणि मुलुंडला आणली. नव्वदीला टेकलेल्या बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, खिडकीपाशी नेली, परत आणली. "दादरला घेतली होती," ते म्हणाले, "नऊवार नको म्हणाली, पाचवारच घे म्हणाली."

मावशी तोवर पलंगावर गोधडी पसरून बसली होती. उसवलेले दोन टाके पुन्हा घालायला तिला सुई हवी होती, आणि ती कुणाला सापडत नव्हती.